हे पाखरू नेमकं कोणतं? खानदेशातल्या सारख्या दिसणाऱ्या पतंगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला पाऊस झाला की माझ्या फोनवर पतंगांचे फोटो येऊ लागतात, ते कपाशीची शेवटची वेचणी होईपर्यंत थांबत नाहीत. रावेर-यावलच्या केळीतून, शिरपूर-चोपड्याच्या कपाशीतून, नंदुरबारच्या मिरचीतून, तोरणमाळच्या वाटेवरच्या एखाद्या हॉटेलच्या दिव्याखालून. फोटोखाली एकच ओळ असते: "भाऊ, हाई काय शे?" पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पतंग आणि फुलपाखरू यांत फरक काय?

मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी निमुळती असते, नाहीतर कंगव्यासारखी किंवा पिसासारखी. रात्री उडतो तो पतंग, ही खूण पुरेशी नाही, कारण दिवसा फुलांवर भिरभिरणारे पतंग आपल्याकडे बरेच आहेत. दोघंही एकाच गणातले आहेत. जगात या गणाच्या सुमारे १,६०,००० जातींची नोंद आहे आणि त्यात फुलपाखरं अठरा-एकोणीस हजारच. बाकी सगळे पतंग.

२. जाती, प्रजाती, कुल या शब्दांत माझा गोंधळ होतो. तुम्ही कोणता शब्द कशासाठी वापरता?

गोंधळ तुमचा नाही, मराठीतच दोन वापर चालू आहेत. वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास 'प्रजाती' म्हणतात. जुन्या शास्त्रीय लिखाणात मात्र स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. मी या पानावर दुसरा वापर ठेवला आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी घ्या: गण लेपिडोप्टेरा म्हणजे खवलेपंखी, कुल नॉक्टुइडी, प्रजाती हेलिकोव्हर्पा, जाती आर्मिजेरा. गाव, भाऊबंदकी, घर आणि माणूस, अशी ती उतरंड समजा. सारखे दिसणारे पतंग बहुधा एकाच घरातले भाऊ असतात आणि घोळ तिथेच होतो.

३. मी स्पष्ट फोटो पाठवला, तरी तुम्ही फक्त प्रजातीचं नाव सांगून थांबलात. पूर्ण नाव का नाही?

कारण त्या फोटोत पूर्ण नाव सांगणारी खूणच नसते. सोयाबीनवर येणारे सोनेरी-तपकिरी, पंखावर चांदीचा ठिपका असलेले क्रायसोडेक्सिस पतंग घ्या. त्यातल्या एरिओसोमा आणि चाल्सायटिस या जाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की जननेंद्रियं तपासल्याशिवाय किंवा डीएनए पाहिल्याशिवाय वेगळ्या सांगता येत नाहीत. अशा वेळी 'क्रायसोडेक्सिसची एक जाती' एवढंच उत्तर खरं असतं. पुढचा शब्द जोडला तर उत्तर मोठं दिसेल, पण चुकीचं ठरेल, आणि तीच चूक तुमच्या नोंदवहीतून दुसऱ्याच्या यादीत जाईल.

लोक नाराज होतात, ते मला कळतं. पण अर्धं आणि खरं नाव मी कधीही पूर्ण आणि अंदाजी नावापेक्षा वर ठेवेन.

४. ओळख पटावी असा फोटो कसा काढायचा?

एक फोटो वरून, एक बाजूने, एक चेहऱ्याचा. आणि जमेल तर मागच्या पंखाचा, कारण खरी ओळख पुष्कळदा तिथेच लपलेली असते. पतंग बसला की पुढचे पंख मागच्या पंखांवर झाकण घालतात. काडीने हळूच पुढचा पंख सरकवला तर बहुतेक पतंग क्षणभर मागचा पंख दाखवतात. फारच चुळबुळ करत असेल तर डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही), शांत होतो आणि नंतर सुखरूप उडून जातो.

शेजारी मापासाठी काहीतरी ठेवा. एक रुपयाचं नाणं चालेल, कपाशीची सरकीही चालेल. फोटोबरोबर तारीख, गाव आणि कोणत्या झाडावर किंवा दिव्यावर सापडला, हे लिहा. या तीन गोष्टी नसलेला उत्तम फोटो माझ्या उपयोगाचा नसतो. त्या असलेला पुसटसा फोटो बरंच सांगून जातो.

५. पडदा आणि दिवा लावून पतंग बघायचे आहेत. कधी आणि कुठे?

जून ते ऑक्टोबर. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा फारसं काही येत नाही. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र निवडा. पांढरी चादर दोरीवर ताणायची आणि समोर १६० वॉटचा मर्क्युरी दिवा लावायचा. या दिव्याला वेगळा चोक लागत नाही. घरगुती पांढऱ्या एलईडीतून अतिनील प्रकाश जवळजवळ निघत नाही, म्हणून त्यावर पतंग कमी येतात. आठ ते बारा ही वेळ चांगली, पण मोठे पतंग पुष्कळदा मध्यरात्रीनंतर येतात, तेव्हा लवकर आवरू नका. जागेबद्दल प्रश्न २० पाहा.

६. कपाशीतल्या कामगंध सापळ्यात आलेली सगळी पाखरं गुलाबी बोंडअळीचीच असतात का?

बहुतेक असतात, सगळी नाहीत. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखी कृत्रिम वडी ठेवून नर पकडतात. गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात गॉसिप्लूर नावाची वडी असते. मादीचा गंध म्हणजे दोन जवळच्या रसायनांचं जवळपास निम्मंनिम्मं मिश्रण, आणि त्याला त्याच जातीचे नर भुलतात. पण सापळ्यात निवाऱ्याला किंवा चुकून शिरलेली इतर बारीक पाखरंही असतात. फवारायचं की नाही, हा पुढचा निर्णय सापळ्यातल्या मोजणीवर असतो. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त नर आले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात. अशा मोजणीत परकी चार पाखरं मिसळली तर निर्णयच फिरतो.

ओळखायचं असं. पाखरू जेमतेम ८ ते १० मिलिमीटर लांबीचं, राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखावर काळपट पुसट पट्टे. आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि डोकं बघा. तोंडाजवळचे दोन बारीक अवयव (पाल्प) डोळ्यांपुढून वर वळलेले दिसतात, बैलाच्या शिंगांसारखे. मागचा पंख उलगडा: चंदेरी राखाडी, टोकाला बोटासारखा निमुळता, कडेला लांब केसांची झालर. शिंगं आणि बोट दोन्ही दिसलं तर पतंग गेलेचिइडी कुलातला. कपाशीच्या सापळ्यात तो गुलाबी बोंडअळीचा, म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएलाच धरायला हरकत नाही.

हे मी चुकून शिकलो. धरणगावकडच्या एका शेतकरी दादांनी सापळ्यातली पाखरं मुठीत घेतलेला फोटो पाठवला. मी भिंग न लावता, फोटोवरूनच "गुलाबीच आहे" असं कळवलं. त्यांनी त्याच संध्याकाळी फवारणी केली. चार दिवसांनी शेतात गेलो, सापळा रिकामा केला, तर अर्धी पाखरं दुसरीच होती. त्यांचा एका फवारणीचा खर्च माझ्या घाईमुळे वाया गेला. तेव्हापासून मुठीतल्या पाखरांवर मी मत देत नाही.

अळीबाबतही एक सावधगिरी. गुलाबी रंग अळी मोठी झाल्यावरच येतो, लहानपणी ती पांढुरकीच असते. आणि सडलेल्या बोंडात राहणारी आणखी एक गुलाबीसर बारीक अळी असते, अ‍ॅनाट्रॅकिन्टिस प्रजातीतली. ती आधीच खराब झालेल्या बोंडावर जगते. फुलाच्या पाकळ्या आतून विणून बंद झालेली डोमकळी दिसली तर मात्र ते काम खऱ्या गुलाबी बोंडअळीचं.

७. ठिपक्यांच्या बोंडअळीचे दोन प्रकारचे पतंग दिसतात, एक पूर्ण हिरवा आणि एक हिरव्या पट्ट्याचा. एकच जात आहे का?

नाही, दोन जाती आहेत. पिवळट-पांढऱ्या पंखावर मधोमध पाचरीसारखा हिरवा पट्टा असेल तर इयरियास व्हिटेला. पूर्ण पंख एकसारखा हिरवा असेल तर इयरियास इन्सुलाना. एक गफलत होते: इन्सुलानाचा हिरवा रंग थंडीच्या दिवसांत पिवळट, कधी तपकिरीही होतो. डिसेंबरातलं पिवळं पाखरू तिसरी जात समजू नका. दोन्हींच्या अळ्या भेंडीवरही येतात आणि कोष उलट्या होडीसारखा असतो. जुन्या पुस्तकांत यांना नॉक्टुइडी कुलात घातलं आहे, आता ते नोलिडी कुलात मानतात. याचं कारण प्रश्न १८ मध्ये.

८. मक्यावरची लष्करी अळी आणि केळी-सोयाबीनवरची तंबाखूची अळी एकच का?

एकाच प्रजातीतल्या, स्पोडोप्टेराच्या, पण वेगळ्या जाती. मक्यावरची नवी लष्करी अळी म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. ती मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली, २०१८ मध्ये कर्नाटकात, आणि तिथून पुढे आपल्या मक्यात आली. केळी, सोयाबीन, मिरची, कपाशीवर आपण पिढ्यानपिढ्या पाहतो ती स्पोडोप्टेरा लिट्युरा.

अळीवरून ओळख सोपी आहे. फ्रुजीपर्डाच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट रेघ असते आणि शेपटाकडून दुसऱ्या वेढ्यावर चार काळे ठिपके चौकोनात. ल्युडोच्या फाशावरच्या चारसारखे. दोन्ही खुणा एकत्र पाहिजेत. नुसती डोक्यावरची रेघ पुसटपणे इतर अळ्यांतही दिसते, आणि लहान अळीत चौकोन नीट उठत नाही. लिट्युराच्या अंगावर लांब पिवळसर रेघा आणि पाठीच्या पुढच्या भागात दोन गडद काळे डाग असतात.

पतंग कठीण. लिट्युराच्या पुढच्या पंखावर दुधी रेघांचं जाळं असतं, जणू कोणी घाईत भिंतीवर चुन्याने रेघोट्या ओढल्या. फ्रुजीपर्डाच्या नराच्या पंखटोकाला पांढरा त्रिकोणी डाग आणि मध्ये तिरका फिकट ठिपका असतो. मादी मात्र अगदी साधी, राखाडी. मादीचा एकटा फोटो आला तर मी प्रश्न ३ प्रमाणे प्रजातीवरच थांबतो. आणखी दोन भाऊ लक्षात ठेवा. स्पोडोप्टेरा एक्झिगुआ आकाराने लहान, पंखावर नारिंगीसर गोल ठिपका. नवापूरकडे भातात येणारा स्पोडोप्टेरा मॉरिशिया, ज्याच्या नराच्या पुढच्या पायांवर केसांचा दाट झुपका असतो.

कोणी तुम्हाला स्पोडोप्टेरा लिट्टोरॅलिस हे नाव सांगितलं तर घाबरू नका. तो आफ्रिका आणि भूमध्य सागराकडचा. आपल्या लिट्युराशी त्याचं इतकं साम्य आहे की पंखांवरून फरक करता येत नाही, म्हणून परदेशी चित्रांत बघून पुष्कळांचा घोळ होतो.

९. हरभऱ्यातली घाटेअळी आणि नंदुरबारच्या मिरचीतली फळ पोखरणारी अळी वेगळी आहे का?

बहुतेक वेळा मिरचीतही घाटेअळीच असते, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. ती कपाशी, तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते. पण तिचा एक सख्खा भाऊ आहे, हेलिकोव्हर्पा असल्टा. तो मिरची, तंबाखू अशा वांगी-बटाट्याच्या कुळातल्या झाडांपुरताच राहतो. म्हणजे हरभऱ्यावर सापडलेली अळी असल्टा नाही, हे नक्की. मिरचीवर सापडलेली मात्र दोन्हींपैकी कोणतीही असू शकते, आणि अळीवरून शेतात फरक करणं भरवशाचं नाही. बरणीत मिरची घालून वाढवा, पतंग निघू द्या. असल्टाचा पतंग जास्त पिवळा-नारिंगीसर, मागचा पंखही पिवळट. आर्मिजेराचा मागचा पंख फिकट पांढुरका आणि कडेला रुंद काळपट पट्टा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या दोन्ही जातींच्या माद्या नराला बोलावण्यासाठी तीच दोन रसायनं वापरतात. आर्मिजेरात पहिलं सुमारे ९७ भाग आणि दुसरं ३ भाग. असल्टात प्रमाण जवळपास उलटं. रात्री शेतात दोन्ही माद्या गंध सोडतात आणि नर अंधारात, कित्येक मीटरवरून, प्रमाण ओळखून आपल्या जातीकडे जातो. आपल्याला भिंगाखाली दिसत नाही तो फरक त्याला मिशीने कळतो. म्हणूनच घाटेअळीच्या वडीच्या सापळ्यात असल्टा सहसा येत नाही, आणि सापळा रिकामा आहे म्हणून मिरची सुरक्षित, असं समजू नये.

करडईवर अशीच दिसणारी हेलिओथिस पेल्टिजेरा असते. तिच्या पुढच्या पंखाच्या मागच्या कोपऱ्यात छोटा काळा ठिपका बघा.

१०. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारे पांढरे, लाल-पिवळ्या काठाचे पतंग कोणते?

तांबड्या केसाळ अळीचे, अ‍ॅम्सॅक्टा प्रजातीतले. पुढच्या पंखाच्या कडेला पिवळी रेघ असेल तर अल्बिस्ट्रिगा, लाल रेघ असेल तर मूरी. कोष जमिनीत राहतात आणि पहिल्या दमदार पावसाने एकदम बाहेर येतात. भुईमूग, ज्वारीच्या पट्ट्यात त्या आठवड्यात दिव्यावर लक्ष ठेवा. अळ्यांना हात लावू नका, केसांनी खाज सुटते.

११. मोसंबीवर रात्री टॉर्च मारली तर पानासारखे मोठे पतंग बसलेले दिसतात. फळगळ त्यांच्यामुळेच का, आणि ते कोणते?

पुढचे पंख सुकलेल्या पानासारखे आणि मागचे पंख नारिंगी असतील तर युडोसिमा. हे फळात सोंड खुपसून रस पितात. सोंडेच्या टोकाला दाते असतात, त्यामुळे पिकत आलेल्या सालीला सहज भोक पडतं. ते भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं, पण आतून फळ सडतं आणि गळतं.

जात ओळखायला मागचाच पंख लागतो. नारिंगी पंखावर मधोमध गोल काळा ठिपका: युडोसिमा मॅटर्ना. गोल ठिपक्याऐवजी काजूसारखा वाकलेला काळा डाग: फॅलोनिया. होमेना ही तिसरी जात फॅलोनियाशी फारच मिळतीजुळती आहे. तिचं नाव मी फोटोवरून देत नाही.

फळावर बसलेला प्रत्येक पतंग गुन्हेगार नसतो. बरेच पतंग आधी पडलेल्या भोकातून रस पितात, त्यांच्या सोंडेला साल भेदण्याची ताकद नसते. एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग, अकिया जनाटा, असाच येऊन बसतो. त्याचा मागचा पंख काळा, मध्ये पांढरा पट्टा आणि कडेला तीन पांढरे ठिपके.

आणि अळ्या मोसंबीवर शोधू नका. त्या बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात.

१२. पाठीवर कवटी असलेला पतंग घरात आला. तो अपशकुनी असतो का?

नाही. पाठीवरचा तो आकार म्हणजे खवल्यांचा रंग, एवढंच. पकडल्यावर तो चिंव असा आवाज करतो तेव्हा लोक दचकतात. सोंडेतून हवा ढकलून तो आवाज काढतो. हा पतंग मधाच्या पोळ्यात शिरून मध पितो आणि त्याची शिंगवाली मोठी अळी आपल्या तिळावर वाढते.

आपल्या मोकळ्या शेतीच्या भागात मला दिसतो तो अकेरॉन्शिया स्टिक्स. मागचा पंख पिवळा आणि त्यावर दोन काळे पट्टे. अकेरॉन्शिया लॅकेसिस आकाराने मोठा, आणि त्याच्या मागच्या पंखाचा बुडखा काळा असल्यामुळे पिवळा कमी दिसतो. मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅप्स याला पुष्कळदा अकेरॉन्शिया अ‍ॅट्रोपॉस म्हणतात. तो युरोप-आफ्रिकेतला आहे. अ‍ॅपबद्दल प्रश्न १९ पाहा.

१३. कण्हेरीवर हिरवा, लष्करी गणवेशासारखा पतंग दिसला. नाव काय?

कण्हेरीवर असेल तर डॅफनिस नेरी. त्याचा गडद भाऊ डॅफनिस हायपोथस कदंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतो आणि त्याच्या पंखटोकाला पांढरा ठिपका असतो.

१४. वडाखाली दोन वेगळे पतंग एकत्र दिसले, एक फिकट पिवळट आणि एक काचेसारख्या पंखांचा. दोन जाती एकत्र कशा?

ते नवरा-बायको आहेत. जाती एकच, पेरिना न्यूडा. मादी मोठी आणि पिवळट-पांढरी, नर लहान, त्याच्या पुढच्या पंखाचा बराच भाग पारदर्शक. अळ्या वड, उंबर, पिंपळ अशा झाडांवर वाढतात. नर-मादी वेगळे दिसण्याने यादीत एकाच्या दोन जाती होतात, हे फार घडतं. नवी जात सापडली असं वाटलं की आधी मिशा बघा: बऱ्याच पतंगांत नराच्या मिशा पिसासारख्या दाट, मादीच्या बारीक.

१५. उंटअळी म्हणजे एकच अळी का?

नाही. पाठ वाकवून चालते तिला आपण उंटअळी म्हणतो, पण त्यात वेगवेगळी कुलं आहेत. पोटाकडचे मांसल पाय मोजा. शेपटाच्या जोडीसह दोनच जोड्या असतील तर ती जिओमेट्रिडी कुलातली. सोयाबीनवरच्या क्रायसोडेक्सिसच्या अळीला तीन असतात. पाच जोड्या असतील तर ती उंटअळी नाहीच, नुसती अंग आखडून बसली आहे.

१६. जननेंद्रियं तपासतात म्हणजे नेमकं काय करतात?

मेलेल्या पतंगाचं पोट वेगळं करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात ठेवतात. मांस विरघळतं, कडक भाग उरतात. ते सुईने उलगडून काचपट्टीवर मांडतात. नराचे पकडीसारखे भाग आणि मादीतली पिशवी यांचे आकार बहुधा प्रत्येक जातीत ठराविक असतात, पंख झिजलेल्या पतंगातही. घरी करायचं काम नाही, ते रसायन त्वचा जाळतं. कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागात विचारा.

१७. डीएनए तपासला की प्रश्नच मिटतो ना?

बराचसा, सगळा नाही. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने मांडलेल्या बारकोड पद्धतीत एका जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि साठवलेल्या तुकड्यांशी जुळवतात. साठवणीतल्या नमुन्याचं नावच चुकलेलं असेल तर तुमचंही उत्तर चुकतं. शिवाय अलीकडेच वेगळ्या झालेल्या जातींत हा तुकडा सारखाच असू शकतो. फ्रुजीपर्डात तर उलट आहे: एकाच जातीत मक्याचा आणि भाताचा असे दोन वंश या तुकड्यात वेगळे दिसतात.

१८. पतंगांची शास्त्रीय नावं का बदलतात?

नातं नव्याने कळलं की घर बदलतं. घाटेअळीला जुन्या पत्रकांत हेलिओथिस आर्मिजेरा म्हटलेलं आढळेल. १९६५ मध्ये हार्डविक यांनी हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी केली. जातीचं नाव तेच राहिलं, घर बदललं. म्हणून मूळ नाव देणाऱ्या ह्यूबनर यांचं नाव आता कंसात लिहितात. कंस म्हणजे 'यांनी नाव दिलं तेव्हा ही जात दुसऱ्या प्रजातीत होती'.

टसर रेशमाच्या पतंगाचा वाद अजून जिवंत आहे. कोणी अँथेरिया मायलिटा लिहितं, कोणी अँथेरिया पाफिया. ऐन-अर्जुनावर वाढणारा हा पतंग तोच आहे. तुमच्या नोंदीत दोन्ही नावं दोन जाती म्हणून आली असतील तर एक काढा.

१९. अ‍ॅपने नाव दिलं, त्यावर भरवसा ठेवू का?

कुलापर्यंत ठेवा. जातीचं नाव आलं की आधी बघा, ती भारतात असते का, आणि ज्या झाडावर सापडली ते तिचं खाद्य आहे का. अ‍ॅप फोटो बघतं, गाव बघेलच असं नाही. भारतात दहा हजारांवर जातींचे पतंग आहेत आणि त्यातल्या पुष्कळांचा एकही चांगला फोटो उपलब्ध नाही. मग अ‍ॅप जवळ दिसणारं दुसरंच नाव देतं.

२०. सातपुड्यात जाऊन पतंग गोळा केले तर चालतील का?

सातपुड्यातली यावल आणि अनेर डॅम, तसंच खानदेशाच्या दक्षिण कडेचं गौताळा औट्रमघाट, ही अभयारण्यं आहेत. तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनविभागाच्या परवानगीशिवाय काही उचलता येत नाही, रात्री दिवा लावून बसायलाही आधी विचारावं लागतं. फोटोसाठी स्वतःचं शेत, गावाबाहेरची ओढ्याकाठची जागा पुष्कळ आहे. माझ्या यादीतले निम्म्याहून जास्त पतंग एका कपाशीच्या शेताच्या बांधावरचे आहेत.

२१. तारीख आणि गाव लिहिण्यावर तुम्ही इतका जोर का देता? पतंग तर तोच राहतो.

रानपिंगळ्याची गोष्ट ऐका, ती आपल्याच मातीतली आहे. हे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसलं नव्हतं. जगातल्या संग्रहालयांत त्याचे मोजके सात नमुने. त्यातल्या एकावर १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचं लेबल होतं, त्यामुळे लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपास केला तेव्हा उघड झालं की तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात आपल्या खानदेशात मिळवलेला होता. ब्रिटिश पक्षिसंग्राहक मायनर्ट्झहॅगन यांनी तो चोरून, नव्याने भरून, खोटं लेबल लावून आपल्या संग्रहात ठेवला होता. ते लेबल बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या जागांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

पतंगांचंही हेच. ब्रिटिश कीटकतज्ज्ञ हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ मध्ये भारतातल्या पतंगांची वर्णनं चार खंडांत केली. असे जुने नमुने आजही पडताळणीला लागतात आणि त्यावर नुसतं 'खानदेश' लिहिलेलं असेल तर अडचण होते. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम झाले, पुढे जळगाव आणि धुळे, आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा. तेव्हा तो पतंग चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या दरीतला की नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या पठारावरचा, कोण सांगणार?

२२. मग लेबलवर नेमकं काय लिहायचं?

हाताने, पेन्सिलीने, जाड कागदाच्या तुकड्यावर. बॉलपेनची शाई ओलीने पसरते. माझ्या डबीतलं एक लेबल असं आहे: 'कपाशी, बांधाकडची तिसरी ओळ, कामगंध सापळा. गाव, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव. १४ ऑक्टोबर, रात्री ९. आकाश ढगाळ. पेक्टिनोफोरा असावा, मागचा पंख पाहिला नाही.' शेवटचं वाक्य खोडू नका. पुढे कोणी मागचा पंख पाहिला तर त्याच कागदावर खाली लिहील.